मेखा आणि तणावे

शास्त्रपाठ : गणना, अध्याय ४ व ७



गणना ह्या पुस्तकाचा चौथा अध्याय उपासनेत फारसा वाचला जात नाही. त्यात चमत्कार नाही, लढाई नाही, भविष्यवाणी नाही. आहे ती केवळ एक यादी: पडदे, फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, भांडी, मेखा, तणावे. गाड्यांत भरावयाच्या सामानाची ही टिपणे पवित्र शास्त्रात कशास घातली असतील, असे वाचणाऱ्यास वाटावे. आम्हासही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. परंतु ज्याने भरलेले घर स्वतःच्या हातांनी मोडून त्याहून लहान घरात नेले आहे, त्याने हा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहावा.

हा विषय आजच घेण्याचे कारण असे. आमच्या कित्येक खेड्यांतील मंडळ्यांची मुलेबाळे आता कल्याणपलीकडे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राहतात. कोणी उल्हासनगरात, कोणी अंबरनाथेस, कोणी बदलापुरात. मुंबईत घर परवडत नाही आणि मुंबईची नोकरी सोडवत नाही, म्हणून माणूस गाडीच्या मार्गाने पुढे पुढे सरकत जातो. कुळगाव-बदलापूरची वस्ती २००१ साली लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती १,७४,२२६ भरली. ह्या वस्तीमागोमाग आता गावाकडील आईबापही येऊ लागले आहेत. कोणाचे गुडघे गेले, कोणास एकटे राहवत नाही, कोणाची चाकरी संपून राहते घर सोडण्याची वेळ आली. चाकरी संपली म्हणजे घरही संपते, ही गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंना समजावून सांगण्याची गरज नाही. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीतल्या कामगारांनाही ती ठाऊक आहे. क्वार्टर निवृत्तीनंतर ठराविक मुदतीत रिकामे करावेच लागते.

मग ओसरी, परसू, न्हाणी आणि माळा असलेले घर सोडून माणूस चौथ्या मजल्यावरील एका खोलीत व स्वयंपाकघरात येतो. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तेथून बदलापुरास आलेल्या कुटुंबास तीनशे फुटांचे घर म्हणजे वाडाच वाटतो, आणि तेच घर नगरकडील शेतकऱ्यास काड्यापेटीसारखे दिसते. भिंती त्याच, मोठेपणा व लहानपणा माणूस कोठून आला ह्यावर ठरतो. म्हणून सुनेने सासूस “एवढी जागा पुष्कळ आहे” असे म्हणू नये. तिच्या दृष्टीने ते खरे असेल, पण सासू दुसऱ्या ठिकाणाहून आलेली आहे.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक वृद्ध उपदेशक सेवानिवृत्त झाले. बावीस वर्षे ते व त्यांची पत्नी मंडळीच्या घरात राहिले होते. मुलगा बदलापुरात, त्याने कर्ज काढून लहानसे घर घेतले होते. रविवारच्या उपासनेस नव्या ठिकाणी हजर राहता यावे म्हणून शनिवारी टेम्पो आणला. आम्हीही मदतीस गेलो. सकाळी नऊस आरंभ केला आणि दुपारी तीनपर्यंत बावीस वर्षांचे घर रिकामे झाले. आमच्या झपाट्याचे आम्हालाच कौतुक वाटले. जे टेम्पोत मावणार नाही ते भंगारवाल्याने तोलावर नेले. जाते गेले, पाटावरवंटा गेला, पितळेचा हंडा गेला. आजी एकेक वस्तू उचलून मुलाकडे पाहत, मुलगा मान हलवी, आणि वस्तू उजवीकडे किंवा डावीकडे जाई. शेवटी त्यांनी विळी उचलली. मुलाने मान हलवण्यापूर्वीच आम्ही म्हणालो, “आजी, आता तिकडे हिचे काय काम? तिकडे ओट्यावर सुरीने चिरतात.” आजी “बरं” म्हणाल्या आणि ओसरीवर जाऊन बसल्या. विळी तराजूत पडली. तिचे किती पैसे आले हे आम्हास आठवत नाही, फार नसावेत.

ह्या विळीकडे आम्ही पुन्हा येऊ. आधी यादीकडे वळू.

इस्राएल लोक रानात असता निवासमंडपावर ढग राहत असे. तो कधी दोन दिवस राही, कधी महिना, कधी वर्षही. आणि तो वर गेला की मुक्काम हलवावयाचा. हलवण्याचे काम लेवी वंशातील तीन घराण्यांकडे होते. तीस ते पन्नास वर्षे वयाचे पुरुष मोजले, ते कहाथाचे २,७५०, गेर्षोनाचे २,६३० व मरारीचे ३,२००, मिळून ८,५८० भरले. इतके हात असताना कोणीही काहीही उचलावे असे म्हणता आले असते. तसे केलेले नाही. कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष व वेद्या ह्या अत्यंत पवित्र वस्तू कहाथाच्या वंशजांनी खांद्यावर न्यावयाच्या. परंतु त्या गुंडाळण्याचे काम त्यांचे नव्हे. अहरोन व त्याचे पुत्र ह्यांनी आधी आत जाऊन स्वतःच्या हातांनी त्या झाकावयाच्या, वरून कातड्याचे आच्छादन घालावयाचे, आणि मग वाहणाऱ्यांनी यावयाचे. झाकण्यापूर्वी क्षणभर आत डोकावून पाहण्याचीही त्यांना मनाई होती.

घर हलवणाऱ्या मुलांनी ह्या आज्ञेपाशी थांबावे. आईच्या ट्रंकेत काय आहे हे टेम्पोवाल्याने, शेजाऱ्याने किंवा उत्साही पाहुण्याने उघडून पाहावयाचे नसते. जन्मून दहाव्या दिवशी गेलेल्या लेकराचे टोपडे त्यात असेल. लग्नापूर्वीचे एखादे पत्र असेल. सासऱ्यांचे फुटक्या काचेचे चष्मे असतील. बाहेरच्याला ह्या चिंध्या दिसतात. तिने स्वतः दार लावून, आपल्या सोयीने, हवे तितके दिवस घेऊन ते गुंडाळावे, आणि बांधलेले गाठोडे मुलांनी न उघडता उचलावे. लहान घरातही एका ट्रंकेपुरती जागा पलंगाखाली निघते.

ह्याच कारणास्तव आरंभ अशा वस्तूंपासून करू नये. माळ्यापासून करावा, कोठीपासून करावा. जेथे गळकी घमेली, उंदरांनी खाल्लेली पोती आणि गेल्या तीन निवडणुकांचे कागद पडले आहेत तेथून करावा. त्या वस्तू टाकताना कोणाचे मन दुखत नाही, आणि टाकण्याचा सराव होतो. फोटो, पत्रे व देवघेवीतली लुगडी शेवटी घ्यावीत. दिवसाकाठी एक कोनाडा किंवा एक फळी, तीही सकाळच्या प्रहरी. म्हाताऱ्या माणसास दिवसातून पन्नास वेळा “ठेवू की टाकू” असे विचारले तर दुपारनंतर तो काहीच ठरवू शकत नाही. कंटाळून सगळ्यालाच “टाक” म्हणतो आणि रात्री जागा राहतो. आमच्या त्या शनिवारी नेमके हेच झाले.

आता गाड्यांविषयी. सातव्या अध्यायात इस्राएलाच्या सरदारांनी सहा गाड्या व बारा बैल आणून दिले. मोशेने दोन गाड्या व चार बैल गेर्षोनाच्या घराण्यास दिले, कारण त्यांच्याकडे पडदे व आच्छादने होती. मरारीच्या घराण्यास चार गाड्या व आठ बैल दिले, कारण फळ्या, खांब व उथळ्या जड. कहाथास एकही गाडी दिली नाही. त्यांचे ओझे खांद्यावरचे. ही वाटणी किती समजूतदारपणाची आहे! टेम्पोत काय घालावयाचे आणि हातात काय धरावयाचे, हे आपणही आधी ठरवावे. सातबारा व आठ अ चे उतारे, शिधापत्रिका, आधारकार्ड, बँकेची व पेन्शनची पुस्तके, बाप्तिस्म्याचा व विवाहाचा दाखला, मंडळीचे बदलीपत्र, डोळ्यांच्या व रक्तदाबाच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि चष्मा, हे सारे एका पिशवीत, आणि ती पिशवी घरातल्या एका माणसाच्या खांद्यास. टेम्पो कोठे अडकेल, केव्हा पोहोचेल ह्याचा नेम नाही. रात्रीची गोळी मात्र रात्रीच घ्यावी लागते.

आणि मग मरारीच्या घराण्यास दिलेली ती आज्ञा, जिच्यासाठी आम्ही हा पाठ निवडला. खांब आणि फळ्या कोणी विसरत नाही. विसरतात त्या मेखा आणि तणावे. म्हणून शास्त्र सांगते की मरारीच्या लोकांना वाहावयाच्या वस्तू नावनिशीवार नेमून द्याव्यात. कराराच्या कोशासंबंधी इतके बारकाईने सांगावे हे आपण समजू शकतो. परंतु येथे नावे घ्यावयाची ती मेखांसारख्या वस्तूंची! विचार केल्यास कारण उघड आहे. मेख हरवली तर खांब कितीही बळकट असला तरी मंडप उभा राहत नाही, आणि रानात नवी मेख मिळत नाही.

प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या घरात अशा मेखा असतात, आणि त्या कोणत्या हे पाहणाऱ्यास दिसत नाही. कपाट ही मेख नव्हे. कपाट कोठेही मिळते. पहाटे बसावयाचा तो विशिष्ट पाट, औषध मोजण्याचा चांदीचा डाग पडलेला चमचा, दाराशी टेकवलेली काठी, तुळईस टांगलेला कंदील, हातात बसलेली विळी, ह्या मेखा. त्या कोणत्या हे विचारूनच कळते. म्हणून मुलांस आमची विनंती आहे की, घर हलवण्यापूर्वी पंधरा दिवस तरी आईबापांजवळ वही घेऊन बसावे, आणि “काय टाकावयाचे” असे न विचारता “सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तुझ्या हातात काय काय येते” असे विचारावे. जे जे येईल ते लिहावे. ती यादी वीसपंचवीस वस्तूंपलीकडे जाणार नाही. त्या वीसपंचवीस आधी न्याव्यात. मग जागा उरली तर कपाट.

अलीशा संदेष्ट्यासाठी शूनेमकरणीने माडीवर एक लहानशी खोली बांधली, तीत चारच वस्तू ठेवल्या: एक खाट, एक मेज, एक बैठक आणि एक दिवा. तिने स्वस्तात काम उरकले असे कोणी म्हणत नाही. येथे निजावयाचे, लिहावयाचे, बसावयाचे व रात्री वाचावयाचे हे तिने आधी ध्यानात घेतले होते.

येथे काही बंधूंशी आमचा मतभेद आहे, तो बोलून दाखवतो. घर हलवताना वृद्ध माणूस एखादी वस्तू सोडीना, की लगेच त्यास रानातील फुलांचे व आकाशातील पाखरांचे वचन ऐकवावयाचे, कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला द्यावयाचा, अशी एक रीत पडली आहे. तो दाखला साठवणाऱ्यासाठी आहे. विळी सोबत न्यावी म्हणणाऱ्या बाईसाठी नाही. प्रेषित पौलाहून अधिक संसारमुक्त कोण होता? तरी रोमच्या बंदिवासातून तीमथ्यास लिहिताना, मरण समोर दिसत असता, तो त्रोवसास कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा मागवून घेतो, आणि पुस्तके, त्यातही चर्मपत्रे, आठवणीने आणावयास सांगतो. झगा थंडीसाठी, चर्मपत्रे कामासाठी. जगाचा त्याग केलेल्या माणसासही त्या दोन वस्तू कोठे राहिल्या हे नेमके ठाऊक होते! दुसऱ्याच्या वस्तूंचा त्याग करणे फार सोपे असते, बंधूंनो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवत असेल, की घरातील वस्तू देऊन टाकणारा एक असतो आणि तिच्यावाचून स्वयंपाक उरकणारी दुसरी.

ह्याचा अर्थ सर्वच न्यावे असा नव्हे. घराचे माप कोणास चुकत नाही. घर पाहावयास जाताना टेप घेऊन जावा. विकणारा जो आकडा सांगतो त्यात जिना व भिंती धरलेल्या असू शकतात. तुम्ही चटईक्षेत्र विचारावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे चटईक्षेत्र म्हणजे आतल्या भिंतींसह प्रत्यक्ष वापरावयाची जमीन. बाहेरच्या भिंती व सज्जा त्यात येत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल उत्पन्नगटासाठी जे ३० चौरस मीटर धरले, ते सुमारे ३२३ चौरस फूट होतात. म्हणजे साधारण अठरा फुटांचा चौरस, आणि त्यातच न्हाणीघर व स्वयंपाक. सहा फूट रुंद व सव्वासहा फूट लांब असा पलंग एकटाच त्यातील साडेसदतीस फूट खातो. म्हणून गावाकडील अंगणातच दोरी टाकून अठरा फुटांचा चौरस आखावा आणि त्यात खाट, पेटी, खुर्ची मांडून पाहावी. आमच्या एका स्नेह्याने असे केले. आजोबांनी स्वतःच काठीने दाखवून निम्मे सामान चौकटीबाहेर काढले. आम्ही सांगितले असते तर त्यांनी ऐकले नसते.

बदलापूरच्या सखल भागात तळमजल्यावर घर घेणाऱ्याने उल्हास नदी विसरू नये. २००५ च्या जुलैतील पुराचे वर्णन तेथील कोणीही सांगेल. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांना नावांतून व इतर साधनांनी सोडवावे लागले. ट्रंक पलंगाखाली ठेवावी असे आम्ही वर म्हटले ते वरच्या मजल्यासाठी. तळमजल्यावर ती फळीवर चढवावी.

आणखी एक मोह सांगून ठेवतो. उल्हासनगरचा फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे आणि रस्त्यावरच आहे. जुनी खाट “जागा नाही” म्हणून देऊन टाकली आणि पंधरवड्याच्या आत तेथून तिच्या दीडपट सोफा आणला, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. सोफ्यावर आजोबांना बसता येत नाही, कारण तो फार खोल आहे; ते जिन्याच्या पायरीवर बसतात.

उल्हासनगराचे नाव निघाले म्हणून त्या नगराविषयी बोलले पाहिजे. तेथे कोणी विचार करून लहान घर घेतले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी उभारली होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना ह्या रिकाम्या बराकींत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. आजही तेथील पत्ते कॅम्पाच्या व बराकीच्या क्रमांकावरून सांगतात. ज्यांनी कराचीत, हैदराबादेत, सक्करला स्वतःची घरे सोडली त्यांना सैनिकांच्या लांब बराकींचा एकेक तुकडा मिळाला, आणि शेजाऱ्याच्या व आपल्या संसारात बारदानाचा पडदा आला. त्यांना पंधरा दिवस बसून यादी करता आली नाही. कित्येकांना मेखा तर काय, मंडपही आणता आला नाही. “लहान घरात सुख असते” असे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारण्याची आमची छाती नाही. परंतु त्यांनी काय आणले हे पाहण्यासारखे आहे. हातातले काम आणले. पापड लाटणाऱ्या बायांनी बराकीच्या दारात पापड लाटले, दुकानदाराने दाराचेच दुकान केले. जागा गेली, माणसे गेली. ज्याचे काम टिकले तो उभा राहिला.

आणि आज त्याच नगरात कित्येक कुटुंबांना दुसऱ्यांदा तशी वेळ येत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, नोटिसा लागतात. २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत तेथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. अशा वेळी नेसत्या वस्त्रानिशी निघावे लागते. म्हणून ज्यास सावकाश घर आवरण्यास दोन महिने मिळाले आहेत, त्याने ते दोन महिने कुरकुरीत घालवू नयेत.

पैशाचीही एक गोष्ट आहे; ती बोलताना लोक आवाज खाली करतात. मोठे घर विकले म्हणजे पैसे येतात, आणि पैसे आले की भाऊ एकत्र येतात. बहिणींना मात्र पत्र जात नाही. ह्याच गणनेच्या पुस्तकात, सत्ताविसाव्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात आपला वाटा त्यांनी मागितला. परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले. आपल्या समाजास लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातही, बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेस तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांमुलींस सारखे मिळते. मुलीचा वाटा मुलाहून कमी नाही. हे उपदेशकांनी मंडळीत उघडपणे सांगावे. भांडीकुंडीही आईबापांनी जिवंतपणी, नावनिशीवार, आपल्या हाताने द्यावीत: हे घंगाळ थोरलीचे, ही घड्याळपेटी धाकट्याची. तांब्याच्या एका घंगाळापायी दोन सख्ख्या भावांनी नाताळात एकमेकांच्या घरी जाणे सोडल्याचे आम्ही पाहिले आहे. आई असती तर तिने ते घंगाळ तिसऱ्यालाच दिले असते.

लाजेविषयीही थोडे. गावात ज्यास चार माणसे नमस्कार करीत, त्यास एका खोलीत पाहुण्याला बसवणे जड जाते. काही वडील माणसे नवा पत्ताच कोणास सांगत नाहीत. पाळकांनी व उपदेशकांनी हे ओळखावे. घर भरण्याच्या दिवशी येऊन प्रार्थना करावी, हे ठीक. पण त्याआधी पंधरा दिवस येऊन वहीत यादी लिहून द्यावी, टेपाचे दुसरे टोक धरावे, आणि नंतर महिन्याभराने चौथा मजला चढून जमिनीवर मांडी घालून चहा घ्यावा. खुर्ची नाही म्हणून जो पाळक दारातूनच परततो, त्याने त्या घराची लाज वाढवली.

आता विळीकडे.

शनिवारच्या त्या हलवाहलवीस पाच महिने झाले असता आम्ही बदलापुरास गेलो. मुलगा व सून पहाटेच्या गाडीने मुंबईस जात. दिवसभर दोघे वृद्धच घरी. उपदेशकांनी आपले काम शोधून काढले होते. गणनेच्या आठव्या अध्यायात आहे की पन्नाशीनंतर लेव्याने ओझे वाहू नये, परंतु बंधूंबरोबर राहून राखण करावी. त्यांनी ते अक्षरशः घेतले होते. मजल्यावरील तीन घरांच्या किल्ल्या त्यांच्यापाशी असत, शाळेतून आलेली दोन लेकरे आईची गाडी येईपर्यंत त्यांच्यापाशी बसत. आजी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. सून हळूच म्हणाली, “आल्यापासून असंच आहे. म्हणतात, आता माझ्यानं काही होत नाही. डॉक्टर म्हणतात वय झालं.” आम्ही विचारले, “भाजी चिरतात का?” ती म्हणाली, “ओट्यापाशी उभं राहवत नाही त्यांना. मी म्हणते राहू द्या, मी रात्री करीन.”

त्या खोलीत आम्हास तराजूचा आवाज ऐकू आला. बावीस वर्षे, किंबहुना पन्नास वर्षे, ती बाई जमिनीवर बसून, पायाने पाट दाबून, दोन्ही हातांनी चिरीत आली होती. उभ्याने सुरी धरावयास तिला कोणी शिकवले नव्हते आणि गुडघे उभे राहू देत नव्हते. आम्ही तिची लोखंडाची वस्तू विकली असे समजलो होतो. आम्ही तिचे काम विकले होते, आणि ते वयाच्या नावावर लिहिले होते. त्या संध्याकाळी आम्ही आजींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “अहो, त्यात काय, तुम्ही तर मदतीला आला होता.” ह्या उत्तराने आम्हास बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने स्टेशनाजवळच्या बाजारातून विळी आणली. जुनीसारखी नव्हती, पाट रुंद होता आणि खोवणी नवी कोरी. ओट्याखालचा एक डबा काढून तिने विळीला जागा केली.

पुढे पावसाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. दार उपदेशकांनी उघडले. हातात शेजाऱ्यांच्या किल्ल्या होत्या. आत स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून आजी बसल्या होत्या आणि तीन घरांची मेथी निवडून झाली होती. त्यांनी आम्हास कसे आहात म्हणून विचारले नाही. घेवड्याच्या शेंगांची परडी आमच्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, “बसा. शिरा नीट काढा, मागच्या खेपेला राहिल्या होत्या.”